प्रश्न वाचकांचे: रोज बंद केलेला संगणक ‘१९ दिवस चालू’ कसा?

या वेळचे सगळे प्रश्न विंडोज ११ बद्दलचे आहेत. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या आणि प्रत्येक तिरक्या रेघेच्या आधी एक मोकळी जागा सोडायची. ‘ॲडमिन टर्मिनल’ म्हटलं असेल तिथे स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून टर्मिनल ॲडमिन उघडायचं.

प्रश्न: मी रोज रात्री संगणक शट डाउन करतो, तरी टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम १९ दिवस दिसतो. शिवाय प्रिंटर मधूनच सापडेनासा होतो. शट डाउन करून पुन्हा चालू केला तरी तेच, पण रीस्टार्ट केला की लगेच चालतो. हे कसं?

अप टाइम बरोबर आहे आणि प्रिंटरच्या तक्रारीचं उत्तरही त्यातच आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असताना तुम्ही शट डाउन म्हणता तेव्हा उघडे प्रोग्रॅम बंद होतात, तुमचं लॉगिन संपतं, पण विंडोजचा गाभा म्हणजे कर्नल आणि त्याच्याबरोबर लोड झालेले ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) खऱ्या अर्थाने बंद होत नाहीत. त्यांची त्या क्षणाची स्थिती सी ड्राइव्हवरच्या ‘हायबरफिल.सिस’ या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा मेमरीत भरली जाते. रात्री ड्रायव्हर अडकलेला असेल, तर सकाळी तो अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र ही फाइल वापरली जात नाही. कर्नल आणि ड्रायव्हर पहिल्यापासून सुरू होतात. म्हणून तुमचा प्रिंटर रीस्टार्टनंतर सापडतो. शट डाउनपेक्षा रीस्टार्ट अधिक ‘स्वच्छ’ असतो हे ऐकायला उलटं वाटतं, पण वस्तुस्थिती तशीच आहे.

ही सोय बंद करण्यासाठी कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडा. डावीकडे ‘चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू’ वर जा. खाली फास्ट स्टार्टअपचा चौकोन फिकट दिसेल, त्यावर टिक काढता येणार नाही. आधी वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबावी लागते. मग टिक काढा आणि ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. बरेच जण इथे सेव्ह न करताच खिडकी बंद करतात आणि बदल राहत नाही. चौकोनच दिसत नसेल, तर हायबरनेशन (मेमरीतली स्थिती फाइलमध्ये लिहून संगणक बंद करण्याची सोय) बंद आहे, म्हणजे फास्ट स्टार्टअपही आधीच बंद आहे.

एकदाच पूर्ण बंद करायचं असेल, तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन वर क्लिक केलं तरी पुरतं. एसएसडी असलेल्या संगणकावर मी ही सोय बंदच ठेवायला सांगेन, कारण वाचतात ते थोडेच सेकंद. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर फरक जाणवतो. तिथे चालू ठेवा, पण आठवड्यातून एकदा रीस्टार्ट द्या. त्याच यंत्रावर लिनक्सही असेल तर मात्र बंद करायलाच हवी. विंडोजने ड्राइव्ह अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडलेला असतो, त्यामुळे लिनक्समध्ये तो फक्त वाचण्यापुरता उघडतो किंवा उघडतच नाही.

प्रश्न: २५६ जीबीची एसएसडी आहे, पण विंडोज २३८ जीबीच दाखवतं. त्यातले ६ जीबी उरलेत आणि माझ्या फाइली तर जेमतेम ७० जीबी आहेत. ‘विनएसएक्सएस’ फोल्डर फार मोठा दिसतो. तो उडवू का?

तो फोल्डर हाताने अजिबात उडवू नका. अपडेट बसवणं, काढणं आणि बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणं, सगळं त्यावर चालतं. शिवाय तो दिसतो तेवढा मोठा नसतो. त्यातल्या बऱ्याच फाइली विंडोज फोल्डरमधल्याच असतात, एकाच फाइलला दोन पत्ते दिल्यासारख्या, आणि फाइल एक्सप्लोरर त्या दोन्हीकडे मोजतो. खरा आकार हवा असेल तर ॲडमिन टर्मिनलमध्ये ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /अॅनलाइझकंपोनंटस्टोअर’ द्या. उत्तराच्या शेवटाजवळ साफसफाईच्या शिफारशीसमोर ‘येस’ आलं तरच शेवटचा शब्द बदलून ‘/स्टार्टकंपोनंटक्लीनअप’ द्या. त्यापुढे ‘/रीसेटबेस’ जोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो जोडला की आत्तापर्यंत बसलेली अपडेट नंतर काढता येत नाहीत. दोनेक जीबीसाठी परतीची वाट बंद करू नये.

२३८ चं कोडं हिशेबाचं आहे. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट. २५६ ला त्या मापाने भागलं की सुमारे २३८ येतात. काही हरवलेलं नाही.

आता जागा कुठे गेली ते बघू. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा आणि यादी पूर्ण भरेपर्यंत थांबा. विंडोजची नवी आवृत्ती नुकतीच बसली असेल तर ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ ही ओळ दिसेल. ती एकटीच १५-२० जीबी खाऊ शकते. १० दिवसांनी ती सहसा आपोआप जाते, कारण जुन्या आवृत्तीवर परतायची मुदत तेवढीच असते. नवी आवृत्ती नीट चालत असेल तर आधी काढली तरी चालेल. याच यादीत ‘डाउनलोड्स’ अशीही एक ओळ असते. तिथे टिक नाही ना, हे दोनदा तपासा. ‘टेम्पररी’ या नावाखाली ती असल्यामुळे लोक सगळ्यावर टिक करतात आणि कामाच्या फाइली गमावतात.

मग हायबरफिल.सिस. तिचा आकार साधारण रॅमच्या ४० टक्के असतो. १६ जीबी रॅम असेल तर ६.४ जीबी. हायबरनेट वापरत नसाल पण फास्ट स्टार्टअप हवं असेल, तर ॲडमिन टर्मिनलमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच /टाइप रिड्यूस्ड’ दिल्यावर ती निम्मी होते. दोन्ही नको असतील तर तिथेच ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिल्यावर पूर्ण जाते. पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज ड्राइव्हवर वापरतं ती फाइल, मात्र शून्य करू नका. रॅम भरल्यावर प्रोग्रॅम काही न सांगता बंद पडू लागतात आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

प्रश्न: डेस्कटॉपमध्ये आधीच्या रॅमबरोबर ८ जीबीची नवी पट्टी बसवल्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा निळा पडदा येतो. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. विंडोज नव्याने टाकू का?

आत्ता नको. खराब रॅमवर विंडोज टाकलं, तर फाइली कॉपी होतानाच बिघडू शकतात आणि मग खरा दोष कुठला आणि नव्याने शिरलेला कुठला, हे ओळखणं अवघड होतं.

तुमच्या वर्णनात दोन खुणा आहेत. त्रास पट्टी बसवल्यानंतर सुरू झाला आणि कोड दर वेळी वेगळा आहे. ड्रायव्हर बिघडलेला असेल तर बहुतेकदा तोच कोड पुन्हा पुन्हा येतो आणि पडद्यावर ‘.सिस’ने संपणारं फाइलचं नावही दिसतं. असा फिरता कोड रॅमकडे बोट दाखवतो. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्तीत हा पडदा निळ्याऐवजी काळा असतो, पण कोड तिथेही असतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हुकला असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ शोधून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. कोणत्या दिवशी काय बसवलं आणि काय कोसळलं, ते तारखेखाली लाल फुल्यांसह दिसतं. विंडोजमधलं इतकं उपयोगी पान इतक्या थोड्या लोकांना माहीत असावं याची खंत वाटते.

आता तपासणी. संगणक शट डाउन करा, मागची वायर काढा आणि पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग पट्टीला हात घाला. नवी पट्टी काढून दोन-तीन दिवस नेहमीसारखं काम करा. पडदा आला नाही, तर जुनी काढून त्याच खाचेत फक्त नवी लावा. नवी एकटी असताना पडदा आला, तर पट्टी बदलून घ्या. दोन्ही एकेकट्या नीट चालतात पण एकत्र कोसळतात, असं झालं तर त्यांचं जमत नाही: वेग किंवा टायमिंग वेगळं आहे. अशा वेळी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवण्याची सोय, बंद करून बघा; पट्ट्या कमी वेगाने चालतील पण सहसा स्थिर होतात. चार खाचांच्या बोर्डवर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. बोर्डच्या पुस्तिकेत बघून घ्या. पट्टी नीट बसली की खटका वाजतो. एका बाजूची कडी अर्धवट राहिली तरी संगणक सुरू होऊ शकतो आणि नेमका असाच त्रास देतो.

विंडोजमधलीच चाचणी हवी असेल, तर विंडोज आणि आर दाबून ‘एमडीएससीएचईडी’ द्या. चाचणी सुरू झाल्यावर एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा, नाहीतर वरवरची चाचणी होते. निकालाची सूचना हुकली, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टममध्ये ‘मेमरीडायग्नोस्टिक्स-रिझल्ट्स’ शोधा. दोष सापडला तर तो खरा माना. न सापडल्याने मात्र रॅम निर्दोष ठरत नाही, म्हणून एकेक पट्टी काढून बघण्यावर माझा जास्त भरवसा आहे.

बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट कराच. ड्राइव्ह बिटलॉकरने किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने कुलूपबंद असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमधल्या काही बदलांनंतर विंडोज ती मागतं आणि ती नसेल तर ड्राइव्हवरचं काहीही वाचता येत नाही.

प्रश्न: ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ दिलं. बिघडलेल्या फाइली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत, असं उत्तर आलं. पुढे काय?

एसएफसी ज्या साठ्यातून चांगली प्रत घेतं, तोच साठा बिघडलेला आहे. आधी तो दुरुस्त करायचा. ॲडमिन टर्मिनलमध्ये ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ द्या. इंटरनेट चालू हवं, कारण चांगल्या फाइली विंडोज अपडेटमधून येतात. टक्केवारी मधेच एका आकड्यावर बराच वेळ थांबते. खिडकी बंद करू नका. ते पूर्ण झाल्यावर रीस्टार्ट करून पुन्हा एसएफसी द्या.

एरर ७४० आली तर टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडलेलं नाही. 0x८००एफ०८१एफ आली तर लागणाऱ्या फाइली मिळालेल्या नाहीत. तुमच्याच आवृत्तीची आणि भाषेची विंडोजची आयएसओ फाइल (विंडोज बसवायच्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) उघडून ती स्रोत म्हणून द्यावी लागते. आणि दुरुस्त केलेल्या फाइली महिनाभरात पुन्हा बिघडल्या, तर विंडोजला दोष देणं थांबवा. ‘सीएचकेडीएसके सी: /स्कॅन’ ने ड्राइव्ह तपासा आणि वरच्या उत्तराप्रमाणे रॅमही.

प्रश्न: टास्कबारवरची बटणं मध्यभागी नकोत आणि प्रत्येक खिडकीचं नाव दिसायला हवं. राइट क्लिकचा जुना मेनूही परत हवा.

सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, ‘टास्कबार बिहेविअर्स’. तिथे अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा आणि ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ समोर ‘नेव्हर’ निवडा. जुन्या मेनूसाठी शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, हात घालायची गरज नाही. टास्कबारचं रूप पालटणारे बाहेरचे प्रोग्रॅम मी टाळतो. ते एक्सप्लोररच्या आत शिरून काम करतात, त्यामुळे एखाद्या मोठ्या अपडेटनंतर टास्कबारच दिसेनासा होऊ शकतो. तसं झालंच, तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करा. त्या वेळी फाइली कॉपी होत असतील तर त्या अर्धवट तुटतील, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न: टाइप करताना मराठीचं अचानक इंग्रजी होतं.

ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले की कीबोर्ड बदलतो. सेटिंग्ज, ‘टाइम अँड लँग्वेज’, टायपिंग, ‘अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ मध्ये ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ उघडून ती जोडी काढून टाका. विंडोज आणि स्पेस ने बदलणं तरीही चालू राहतं. प्रत्येक खिडकीत वेगळी भाषा राहावी असं वाटत असेल, तर त्याच पानावर तसा चौकोन आहे.

प्रश्न: स्लीपमध्ये ठेवलेला संगणक रात्री आपोआप जागा होतो.

सकाळी, दुसरं काही करण्याआधी, ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ द्या. कोणी उठवलं ते कळेल. बहुतेक वेळा माउस किंवा नेटवर्क कार्ड निघतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीज, ‘पॉवर मॅनेजमेंट’ मध्ये ‘अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ वरची टिक काढा. कीबोर्डची टिक राहू द्या, नाहीतर उठवण्यासाठी प्रत्येक वेळी कॅबिनेटवरचं बटण दाबावं लागेल. उत्तरात उपकरणाचं नाव आलं नाही, तर ॲडमिन टर्मिनलमध्ये ‘पॉवरसीएफजी /वेकटायमर्स’ द्या; एखादा प्रोग्रॅम ठरावीक वेळेचा गजर लावून बसलेला असेल तर तो तिथे दिसतो.