सोनेरी काठाचा डिनर सेट की स्टीलची ताटं?

लग्न ठरलेली जोडपी माझ्याकडे येतात ती पैशांचा, नोकरीच्या गावाचा, नाहीतर सासू-सासऱ्यांसोबत राहायचं की नाही याचा प्रश्न घेऊन. भांड्यांसाठी म्हणून कोणी येत नाही. तो विषय बोलता बोलता निघतो आणि मग तासभर तोच चालतो. शेवटी ठरलेलं वाक्य येतं: ‘मॅडम, ताटांवरून आत्ताच एवढं वाजतंय, पुढे कसं व्हायचं?’

मृणाल आणि ओंकार (नावं बदलली आहेत) यांचंही तेच. दोघं पुण्यात नोकरीला, वाकडला भाड्याचा वन बीएचके ठरलेला. मृणालच्या आईने रुखवतात मांडायला सोनेरी काठाचा बोन चायनाचा डिनर सेट पसंत करून दुकानात पैसेही भरले होते. ओंकारचं म्हणणं, तुळशीबागेत जाऊन सहा स्टीलची ताटं, वाट्या, फुलपात्री घ्यावीत, विषय संपला. मृणालला दोन्ही नको होतं. तिला हवी होती हाताने घडवलेली, मातकट रंगाची स्टोनवेअरची ताटं. ‘रोज स्टीलमध्येच जेवायचं तर हॉस्टेल काय वाईट होतं?’ असं ती म्हणून गेली. ओंकारला ते लागलं. त्याच्या घरी सगळे स्टीलच्याच ताटात जेवतात.

ताटांबद्दल मत देणं हे माझं काम नाही, पण मी दिलं. आधी दोघांना गेल्या आठवड्यातली रात्रीची जेवणं सांगायला लावली. वरण-भात, आमटी-पोळी, दोनदा बाहेरून मागवलेलं, एकदा नुसती खिचडी. आता हे सपाट डिनर प्लेटमध्ये वाढून बघा. आमटी पसरते, भाजीचा रस कोशिंबिरीत जातो, म्हणून वाटी घ्यावी तर ती ताटात नीट बसत नाही. आपलं काठाचं ताट आपल्या जेवणासाठीच घडलेलं आहे. पुढचा प्रश्न, घासणार कोण? मावशी येणार होत्या. तारेची घासणी आणि पावडर यांच्यापुढे सोनेरी काठ फार दिवस टिकत नाही. शिवाय तो धातूचा, त्यामुळे मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. उशिरा घरी येऊन जेवण गरम करणाऱ्या दोघांना हे रोज सांभाळावं लागलं असतं. स्टील तरी मायक्रोवेव्हमध्ये कुठे चालतं, असं मृणालने लगेच सुनावलं. बरोबरच होतं. ओंकार तेवढ्यापुरता गप्प बसला.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. ओंकारची आजी अधूनमधून राहायला येणार होती आणि तिचं सोवळं अजून कडक आहे. बोन चायनात गुरांच्या हाडांची राख असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रुळलेल्या पारंपरिक कृतीत तर ती निम्म्याच्या आसपास असते. त्या भांड्यांचा दुधाळ पांढरा रंग आणि उजेडाकडे धरल्यावर दिसणारी पारदर्शक झाक तिच्यामुळेच येते. मृणालला हे माहीत नव्हतं, आईला तर नव्हतंच. आता हे आईला सांगायचं कोणी? ओंकार म्हणाला, माझी आई फोन करेल. मी म्हटलं, अजिबात नको. विहिणीकडून गेलेला हा निरोप ‘तुमचं दिलेलं आम्हाला चालत नाही’ असाच ऐकू येतो, शब्द कितीही गोड असोत. आपापल्या आईशी आपण बोलायचं, हा नियम मी लग्नाआधीच घालून देते. आजीसाठी काय करायचं, हे ओंकारने त्याच्या घरी बोलायचं ठरलं.

मृणालने सांगितलं आणि आई तडक मला भेटायला आल्या. रागातच होत्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नात सगळं स्टील, प्रत्येक ताटावर नाव कोरलेलं, अगदी चमच्यांवरसुद्धा. पुढे कित्येक वर्षं, मिस्टरांचे साहेब जेवायला येणार असले की शेजारच्या काकूंकडून काचेच्या प्लेटा मागून आणायच्या आणि त्या परत जाईपर्यंत जीव मुठीत. ‘माझ्या मुलीवर ती वेळ येऊ नये, एवढंच,’ त्या म्हणाल्या. मी विचारलं, ‘ताई, हा सेट तुमच्याच घरी आला असता तर?’ ‘मी रोज त्यात चहा घेतला असता,’ असं पटकन म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

हौस आईची असते आणि कपाट मुलीचं अडतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. हौस वाईट नाही, ती करावीच. पण लग्नात मुलीला दिलेली वस्तू हे तिचं स्त्रीधन. वापरायची, बदलून आणायची की नाहीच घ्यायची, हे तिला ठरवू द्यावं.

दुकानदार पैसे परत देईना, बदलूनही देईना. सेट आईंकडेच राहिला आणि भिशीच्या बायकांना आता त्यातच चहा मिळतो. वाकडच्या घरात सहा स्टीलची ताटं आली, वर गरम करण्यापुरते दोन-चार साधे काचेचे बाऊल. मृणालला स्टोनवेअरची दोनच ताटं मिळाली, रविवारसाठी. तिला चार हवी होती. त्यावर अजून तडजोड झालेली नाही.

असाच प्रश्न पडलेल्यांना माझं सांगणं, खरेदी लग्नाआधी उरकू नका. काठाची ताटं, वाट्या, कुकर, तवा, परात एवढ्यावर महिना-दोन महिने काढा. पाहुणे खरंच किती येतात, मांडणीत जागा किती उरते, घासायला कोण असतं, हे तोवर कळतं. डिनर सेट तेव्हाही घेता येतो, आणि मग तो दोघांनी मिळून पसंत केलेला असतो. आहेर विचारणाऱ्या मावश्या-आत्यांना तोवर कुकर सांगावा.