‘सपत्नी’ येऊ नका!

देवरुखहून एका वकील ताईंनी विचारलं आहे: “दुसऱ्या लग्नाच्या एका प्रकरणात समोरच्या पक्षाने आमच्या अशिलाचा उल्लेख ‘द्विभार्या’ असा केला आहे. बाईला द्विभार्या म्हणता येतं का? आणि अर्जात तिने पहिल्या बायकोला ‘सवत’ म्हटलं तर ते असभ्य दिसेल का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही येत. ‘द्विभार्य’ हा बहुव्रीही, दोन भार्या आहेत ज्याला तो. म्हणजे द्विभार्य कोणी असलाच तर तो नवरा. ‘द्विभार्या प्रतिबंधक कायदा’ किंवा ज्योतिषांचा ‘द्विभार्या योग’ यांत दोन बायका असण्याची स्थिती सांगितली आहे, दुसऱ्या नंबरची बाई नव्हे. दुसरी ती द्विभार्या, मग तिसरी काय त्रिभार्या? बहुपत्नीत्व, बहुपतित्व, बहुविवाह यांतले फरक शाळेच्या पुस्तकात आहेत, तिकडे वळत नाही.

आता ‘सवत’. पण त्याआधी एक मळमळ बाहेर काढतो. शिमगा आला, जत्रा भरली की नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात: ‘माननीय अमुक यांनी सपत्नी पालखीचे दर्शन घेतले.’ व्हॉट्सॲपवरच्या लग्नपत्रिकेत: ‘सपत्नी अगत्य येण्याचे करावे.’ अहो, सपत्नीक! स-पत्नी-क, म्हणजे बायकोसह. शेवटचा ‘क’ गळला की बायकोही गळते आणि तिथे सवत उभी राहते. सपत्नी म्हणजे समान आहे पती जिचा ती. त्या फ्लेक्सचा सरळ अर्थ असा होतो की माननीय स्वतःच कोणाची तरी सवत म्हणून पालखीला आले होते. छापणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, “सगळे असंच लिहितात.”

सपत्नी, प्राकृतात सवत्ती, मराठीत सवत. दीपचा दिवा होतो तसाच इथे ‘प’चा ‘व’ झाला. हिंदीतली सौत त्याच सवत्तीची लेक, म्हणजे सौत आणि सवत या सख्ख्या बहिणी. मराठीने हिंदीकडून उसनं काही आणलेलं नाही. एका विद्वान वक्त्यांनी भर व्याख्यानात ‘सव्वा वाटा मागते ती सवत’ अशी व्युत्पत्ती सांगून टाळ्या घेतल्या होत्या. टाळ्या त्यांना लखलाभ. सव्वा येतो सपादवरून, आणि सवतीने वाटा मागितल्याचं प्राकृताला काहीच ठाऊक नाही.

खरी गंमत पुढे आहे. गीतेचा दुसरा अध्याय पाठ असेल तर आठवा: ‘अवाप्य भूमावसपत्नमृद्धं राज्यम्’. अर्जुन म्हणतो, पृथ्वीचं असपत्न, समृद्ध राज्य मिळालं तरी माझा शोक काही जाणार नाही. असपत्न म्हणजे ज्याला शत्रू नाही असं. सपत्न म्हणजे शत्रू. हा सपत्न आला कुठून? सपत्नीवरून! एरवी पुल्लिंगी रूप आधी आणि त्याला ‘ई’ लावून स्त्रीलिंगी: देव-देवी, पुत्र-पुत्री. इथे गाडी उलटी. आधी सवत होती, आणि सवतीसारखा जो वागतो तो सपत्न झाला. अठरा अक्षौहिणींच्या मध्ये रथात बसून अर्जुन जे नाकारतो ते मुळात ‘सवत नसलेलं’ राज्य. गीतापठणाच्या वर्गात हे सांगितलं की पहिल्या रांगेतल्या काकू हसतात आणि गुरुजी घसा साफ करतात.

काशिकाकारांना, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवर ‘काशिका’ ही टीका (वृत्ती) लिहिणाऱ्यांना, हे मान्य नाही. ‘व्यन् सपत्ने’ या पाणिनीच्या सूत्रावर ते म्हणतात की सपत्न हा शत्रूवाचक स्वतंत्र शब्द, अव्युत्पन्न, त्याची फोड करू नये. मग खालच्या आवाजात जोडतात की दुसरे काही जण मात्र ‘सपत्नीव सपत्नः’ असं मानतात. माझं मत त्या दुसऱ्यांच्या पारड्यात. काशिकाकार मोठे, पण डोळ्यांसमोर सपत्नी बसलेली असताना सपत्नला अनाथ ठरवायचं म्हणजे फारच झालं. एवढ्या मोठ्या वृत्तीत तेवढं एक वाक्य वाढलं असतं!

आणि ते सूत्र आहे कशाबद्दल, पाहा. ‘भ्रातृव्य’ शब्दाबद्दल. भ्रातृव्य म्हणजे पुतण्या, चुलतभाऊ. आणि भ्रातृव्य म्हणजे शत्रू. कोकणात सातबाऱ्यावर चौदा नावं असलेल्या कोणालाही याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. एक शत्रू सवतीवरून, दुसरा चुलत्याच्या पोरावरून. माझा जुना आग्रह आहे की संस्कृतला शत्रू रणांगणावर भेटलाच नाही. तो भेटला माजघरात आणि सामाईक गडग्यावर.

म्हणून ‘पूर्वी बायका गुण्यागोविंदाने नांदत होत्या, कायद्याने सगळं बिघडवलं’ हे ऐकलं की डोकं फिरतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १४५वं सूक्त काढा. इंद्राणी जमिनीतून एक वनस्पती खणून काढते आहे. कशासाठी? सवतीला हटवण्यासाठी, नवरा एकटीचा व्हावा म्हणून. सवतीचं नावसुद्धा मी घेत नाही, तिला दूर दूर घालव, असं ती म्हणते. अजून थोडं पुढे गेलात की १५९व्या सूक्तात शची, म्हणजे हीच इंद्राणी, ‘असपत्ना सपत्नघ्नी’ (सवत न उरलेली, सवतींना मारणारी) म्हणून छाती ठोकते. हे कोर्टात दाखल केलेलं प्रतिज्ञापत्र नव्हे, वेद आहे. आपल्या म्हणींचं विचाराल तर ‘दोन बायका, फजिती ऐका’ ही नवऱ्याच्या बाजूची. बायकोच्या बाजूची जास्त धारदार: ‘नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे.’

धर्मशास्त्रात या प्रकाराला झकास शब्द आहे, अधिवेदन. पहिली असताना दुसरी करणे. जिच्यावर दुसरी आणली ती अधिविन्ना, अमरकोशातही सापडेल. ‘उरावर सवत आणली’ हा मराठी वाक्प्रचार म्हणजे अधिवेदनाचं तंतोतंत मराठी; ‘अधि’ म्हणजे उरावर. मनू (९.८१) मुदती ठरवतो: वांझ असेल तर आठव्या वर्षी, मुलं जगत नसतील तर दहाव्या, मुलीच होत असतील तर अकराव्या, आणि उलट बोलणारी असेल तर सद्यः, ताबडतोब. बाकीच्यांना वर्षांची मुदत, तोंडाळ बायकोला एक दिवसही नाही! याज्ञवल्क्याने निदान ‘आधिवेदनिक’ लावलं: स्त्रीधन दिलेलं नसेल तर दुसरीवर जेवढं खर्चलं तेवढं पहिलीला द्या. आणि आपस्तंब तर बजावतो की धर्म आणि संतती दोन्ही जिच्यामुळे साधली आहेत अशी बायको असताना दुसरी करू नये. ही सगळी वचनं धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या म. म. पां. वा. काणे यांनी मांडून ठेवली आहेत, आणि काणे चिपळूणजवळच्या परशुरामचे, आपल्या घरचे. ‘धर्मच सांगतो’ म्हणणाऱ्याने कोणता धर्म, कोणत्या श्लोकाचा, ते आधी सांगावं.

मुदतींची ही हौस पोर्तुगिजांनाही लागली. बांद्याच्या पलीकडे गोव्यात १८८० च्या फर्मानाने तिथल्या हिंदूंच्या चालीरीतींना मान्यता दिली. त्यात बायकोच्या वयाची पंचविशी उलटेपर्यंत मूलच झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर दुसरं लग्न मान्य होतं. लिस्बनचा शिक्का, पण हात मनूचा.

आपल्याकडे, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, १९४६ साली द्विभार्या प्रतिबंधक कायदा आला. त्याला आव्हान दिलं गेलं: मुलगा नसेल तर परलोक नाही, तेव्हा दुसरं लग्न हा धर्माचाच भाग, शिवाय बंदी फक्त हिंदूंनाच का? १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छगला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. छगलांनी म्हटलं, ज्या धर्माला मुलगा हवा त्याच धर्मात दत्तकही आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मग देशभरच दार बंद केलं.

‘फक्त हिंदूंनाच का’ हा प्रश्न मात्र अजून चालूच आहे, आणि त्यावर वाद घालणारे दोन्हीकडचे लोक शब्दांकडे ढुंकून बघत नाहीत. अरबीत सवतीला काय म्हणतात? ‘दर्रा’. तिथला पहिला वर्ण फारसीच्या वाटेने आपल्याकडे येताना ‘ज’ होतो. धातूचा अर्थ इजा, नुकसान. उर्दूतला ‘जरर’ तोच. आणि त्याच धातूतून निघालेला ‘जरूर’ आपण दिवसातून शंभरदा म्हणतो. ‘जरूर या’ म्हणताना आपण अरबी सवतीच्या माहेरचं नाव घेत असतो, हे किती जणांना ठाऊक आहे!

अजून पुढे चला. हिब्रूत सवत म्हणजे ‘त्सारा’, आणि त्सारा म्हणजेच संकट, जाच. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात मूल नसलेल्या हन्नाला पनिन्ना टोचून बोलते, तिथे हाच शब्द आहे. अरबीतला तो अवघड वर्ण हिब्रूत ‘त्स’ होतो (जमीन: अरबी अर्द, हिब्रू एरेत्स), म्हणजे दर्रा आणि त्सारा एकाच घरच्या. आणि हिब्रू म्हणजे काही सातासमुद्रापलीकडची नव्हे. अलिबागजवळ नवगावला उतरलेले आपले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, घरात मराठी आणि प्रार्थनेत हिब्रूच बोलत आले. याच किनाऱ्यावर तीन धर्मांच्या तीन पवित्र भाषा, आणि तिन्हींत सवतीचं नाव शत्रू, इजा, संकट यांच्या गोतावळ्यात. एकीतही ‘मैत्रीण’ नाही. हा योगायोग आहे असं एका भाषाशास्त्रज्ञ स्नेह्यांनी मला ऐकवलं. संस्कृतात शब्द आधी सवत आहे आणि मग शत्रू, सेमिटिक भाषांत उलट, म्हणून तुलना अशास्त्रीय! अहो, दोन्ही बाजूंनी चालत येऊन माणसं एकाच पुलावर भेटत असतील तर पूल आहे असंच म्हणायचं ना?

कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात तिसरी आयत चारपर्यंत मुभा देते, पण न्याय करता येणार नसेल तर एकच, या अटीवर. त्याच सूऱ्यात १२९वी आयत म्हणते की कितीही इच्छा असली तरी बायकांमध्ये समान न्याय तुम्हाला जमणार नाही. सुधारक या दोन आयती शेजारी ठेवतात, परंपरावादी दुसरीतला न्याय म्हणजे मनाचा ओढा, खर्चापाण्याचा नव्हे, असं म्हणतात. हा वादही आपल्या मातीतलाच: मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. तोंडी तलाकचा निकाल २०१७ मध्ये लागला, बहुपत्नीत्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा बाजूला ठेवला.

तर ताई, ‘सवत’ असभ्य अजिबात नाही, वैदिक आहे. पण लिहू नका, आणि कारण सभ्यतेचं नव्हे. सवत म्हणजे समान पती. तुमच्या अशिलाने पहिलीला सवत म्हटलं की पहिलीचं लग्न टिकून आहे हे तिने स्वतःच्या सहीने कबूल केलं, आणि मग १९५५ च्या कायद्याप्रमाणे तिचं स्वतःचं लग्न शून्य. त्या कायद्याखाली दोन बायका एकमेकींच्या सवती होऊच शकत नाहीत, कारण पती एकीचाच. ‘भार्या’चंही तेच. भार्या म्हणजे जिचं भरणपोषण करायचं ती. पण १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शून्य विवाहातली दुसरी ही पोटगीच्या कलमापुरती पत्नीच नव्हे, म्हणजे भरणाविना भार्या. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने वाट थोडी रुंद केली: पहिलं लग्न लपवून जिला फसवलं, तिला पोटगी द्या. तेव्हा अर्जात ‘प्रतिवादीने आपला आधीचा विवाह लपवला’ एवढंच साध्या मराठीत लिहा, आणि समोरच्यांच्या ‘द्विभार्या’वर हरकत घ्या. व्याकरणाची हरकत न्यायाधीश ऐकतात की नाही ते कळवा.

जाता जाता, वर्तमानपत्रांतली ‘कोकणाला सापत्य वागणूक’. सापत्य म्हणजे अपत्यासह, लेकुरवाळी. हवा आहे तो ‘सापत्न’, सपत्नीचा, सवतीकडचा. त्याचाच मराठी अवतार ‘सावत्र’. त्यातला ‘र’ माझ्या मते ‘पुत्र’च्या संगतीने चिकटला असावा, कारण सावत्र म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो तो मुलगाच. सापत्न लिहा नाहीतर सावत्र लिहा, मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे दोन्हींत मावतात.