बरं वाटतंय, मग गोळी बंद करू का?

नैराश्याच्या औषधांबद्दल मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पेशंट तो क्वचित विचारतात. विचारतात घरचे, आणि बहुतेक वेळा गोळी परस्पर बंद करून झाल्यावर.

सर निवृत्त मुख्याध्यापक, वय 63. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शाळा सुटली आणि माणूस मिटत गेला. पहाटे तीनला जाग, अन्नावरची वासना उडालेली, 'माझा आता काय उपयोग' हे पालुपद. मनोविकारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम सुरू केलं. अडीच महिन्यांनी सर पेपर वाचायला लागले, मंडईत जायला लागले. पुण्याच्या मुलानं फोनवर फर्मान काढलं, "आई, आता पुरे. सवय लागेल." काकूंनी दुसऱ्या दिवसापासून गोळी दिलीच नाही.

चार दिवसांत सरांना चक्कर यायला लागली. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, रात्री भलभलती स्वप्नं, दिवसा चिडचिड. काकू माझ्याकडे आल्या त्या रडकुंडीला येऊन. "बघा, लागलीच ना सवय?"

मी विचारलं, "सरांनी गोळी मागितली का हो? जास्त द्या म्हणाले?" छे, त्यांना आठवणसुद्धा नव्हती. व्यसनात माणूस त्या वस्तूसाठी झुरतो, मात्रा वाढवत नेतो. इथे तसं काहीच नव्हतं. शरीर औषधाला सरावलं होतं आणि ते एका झटक्यात काढून घेतलं, म्हणून हा त्रास. औषध थांबवायचं तर मात्रा हळूहळू उतरवत, काही आठवडे किंवा महिने घेऊन. शिवाय आजार पहिल्यांदाच झाला असेल, तरी बरं वाटायला लागल्यावर साधारण 6 ते 9 महिने गोळी चालू ठेवतात. मध्येच सोडली तर दुखणं उलटू शकतं. हा निर्णय डॉक्टरांचा. मी औषध लिहून देत नाही, बंदही करत नाही. त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी पुन्हा सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत चक्कर गेली.

एवढी एक गोष्ट सोडली तर काकूंनी केलेली शुश्रूषा नर्सिंगच्या विद्यार्थिनींना दाखवावी अशी होती. पहिले दोन आठवडे मळमळ आणि अस्वस्थता; गुण मात्र काहीच दिसेना. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि नेमक्या याच काळात लोक औषध सोडतात. काकूंनी डॉक्टरांना विचारून रात्रीची गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर आणली, कारण झोपमोड व्हायची. गिळून होईपर्यंत त्या समोर बसायच्या. स्ट्रिपा त्यांच्या कपाटात, कुलपात. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी बारीक अक्षरात नोंदी: 'अर्धी भाकरी', 'झोप 4 तास', 'नातीशी बोलले'.

एका तारखेवर लिहिलं होतं, 'शेजाऱ्यांचं नाव आठवेना, पाय लटपटतात'. घरात सगळे म्हणाले, वय झालं. डॉक्टरांनी मात्र रक्त तपासायला लावलं, तर सोडियम घटलेलं. सरांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. उतारवयात ती आणि हे औषध एकत्र आलं की असं होऊ शकतं. रक्तदाबाची गोळी बदलली आणि सर ताळ्यावर आले. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळीही डॉक्टरांनी थांबवली. ती आणि नैराश्याची गोळी मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

कुलपाबद्दल मी स्वतः आग्रही असते. अमिट्रिप्टिलिनसारखी जुन्या पिढीतली औषधं एकदम जास्त घेतली तर हृदयावर बेततात. आणि दुसरं कारण म्हणजे, औषधानं अंगात हुशारी आधी येऊ शकते, मनातला काळोख मागाहून सरतो. माणूस उठला, आंघोळ करून बाहेर पडला की घरचे निर्धास्त होतात. माझ्या मते जास्त लक्ष ठेवायचं ते तेव्हाच. पंचविशीच्या आतल्या मुलांत तर सुरुवातीला किंवा मात्रा बदलल्यावर तगमग वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. 'मरणाचे विचार येतात का?' असं सरळ विचारावं. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि लगेच डॉक्टर गाठायचे. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.

पुढच्या वेळी मी मुलालाही बोलावलं. तो धास्तावला होता. "म्हणजे आयुष्यभर?" पहिल्याच वेळी बहुधा नाही, आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर जास्त काळ. मग मी काकूंकडे बोट दाखवलं आणि विचारलं, यांना सुट्टी कधी? आता शनिवार-रविवार तो गावी येतो. गोळी तो देतो, नोंद तो करतो, काकू भजनी मंडळात जातात. मात्रा कमी करायचं दिवाळीनंतर बघू, असं डॉक्टर म्हणालेत.