फडावर मुलाखती घ्यायला जाण्याआधी

वाळवा-कराड पट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्यांत मुलांच्या हेळसांडीचा अभ्यास करणार असाल, तर ‘सगळं गुप्त राहील’ असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोक्सो २०१२च्या (मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा) कलम १९नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे मूल बोलायच्या आधीच त्याला समजेल असं सांगा. नंतर सांगणं म्हणजे विश्वासघातच. १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा नंबर हाताशी ठेवा. मुलाखत कोपीबाहेर (कोपी म्हणजे तोड कामगारांची झोपडी), आईला दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. मुकादम जवळपास नकोच.

बाळ पाचटावर झोपलेलं दिसलं म्हणून अभ्यासाच्या फॉर्ममध्ये ‘दुर्लक्ष’वर लगेच खूण नको. जवळ कोण असतं, दूध कधी मिळतं, दुसरी सोय होती का, हे विचारा. नाहीतर गरिबीच मोजली जाते आणि दोष आईच्या माथी बसतो.