धावल्याने कॅन्सर पसरेल का?

“रक्त जोरात फिरलं की गाठीच्या पेशीही अंगभर फिरतील, असं सासूबाई म्हणतात. खरं आहे का?” ४६ वर्षांच्या बाई, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, दर तीन आठवड्यांच्या केमोच्या दोन सायकल पूर्ण. आधी आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर धावायच्या. आता बूट माळ्यावर.

व्यायामाने कॅन्सर पसरतो याला पुरावा नाही. स्वस्थ बसलं तरी रक्त साधारण मिनिटाभरात शरीराची फेरी मारतंच. उलट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॅलेंज’ अभ्यासात आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण होते. केमो संपल्यावर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक पाच वर्षांनी आजार न उलटता जगत होते. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ७४ टक्के. अर्थात तो आतड्याचा कॅन्सर, शिवाय केमोनंतरचा व्यायाम; हे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. केमो चालू असताना मिळणारा खात्रीचा फायदा वेगळा: थकवा आणि चिंता कमी होते.

मग बाईंनी हळूच सांगितलं, दहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून त्या चार किलोमीटर धावून आल्या होत्या. जुन्याच वेगाने. पुढचे दोन दिवस अंथरुणात! सासूबाईंना आणखी काय हवं होतं?

चूक धावण्यात नव्हती, दिवस आणि वेग निवडण्यात होती. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात, म्हणजे संसर्गाचा धोका जास्त, आणि हिमोग्लोबिन उतरलं की जुना वेग दम काढतो. शिवाय केमोतल्या ‘लाल औषधा’चा, म्हणजे डॉक्सोरुबिसिनचा, हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ताजा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) दाखवून आधी कॅन्सरतज्ज्ञांची परवानगी घेतली.

आखणी अशी झाली. प्रत्येक केमोनंतरचा पहिला आठवडा, घरातच दहा मिनिटं चालणं, दिवसातून दोनदा. दुसरा आठवडा, गर्दी नसताना २० मिनिटं चालणं, जिम बंद. तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड पाच मिनिटं चालून मग एक मिनिट सावकाश जॉगिंग, दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर विसंबू नये, केमोत बसल्याजागीही ठोके वाढलेले असू शकतात. केमो पोर्टवर, म्हणजे औषध देण्यासाठी छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या छोट्या डबीवर, ब्राचा पट्टा घासत होता, तिथे मऊ गॉजची घडी ठेवली.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की व्यायाम नाही; पॅरासिटामॉल घेऊन वाट न पाहता लगेच हॉस्पिटलला फोन. हिमोग्लोबिन ८ च्या खाली किंवा प्लेटलेट्स ५० हजारांच्या खाली असतील तर धावणं बंद. छातीत दुखलं, चक्कर आली, ठोके चुकले, तर तिथेच थांबायचं. कॅन्सर हाडांत गेला असेल तर ही आखणी वापरूच नये, हाड मोडण्याचा धोका असतो.

सासूबाईंना पाण्याची बाटली आणि मिनिटं मोजायचं काम दिलं. सोसायटीच्या बाकावर बसून त्या ‘आता चाल’ असं ओरडायच्या, आणि विरोध तिथेच मावळला.

पुढे दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध सुरू झालं तेव्हा तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. पायाखालचं नीट कळत नसेल तर ठेच लागते. ही तक्रार डॉक्टरांच्या कानावर घातली, जॉगिंग थांबवलं, सपाट वाटेवर चालणं चालू ठेवलं, आणि रोज रात्री तळवे तपासायला सांगितले.