‘महाराष्ट्र’मधून ‘हार’ निघतो का?

गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाला तुमच्या सोसायटीने ‘शब्दातून शब्द’ ठेवला, म्हणजे दिलेल्या शब्दातल्या अक्षरांतून नवे शब्द करायचा खेळ. शब्द दिला ‘महाराष्ट्र’. एका काकांनी ‘हार’ आणि ‘मर’ लिहिलं, परीक्षकबाईंनी दोन्ही कापले. मग काकांनी मोबाइलवरचं ॲप काढून दाखवलं, तर त्यात दोन्ही शब्द हजर, आणि पुढे बक्षिसं राहिली बाजूला. यंदा असं होऊ नये म्हणून काय करावं, हा तुमचा प्रश्न. वाचताना मला माझीच जुनी डोकेदुखी आठवली, म्हणून जरा लांबण लावते. मी भाषातज्ज्ञ नाही, संगणकातली तर अजिबात नाही. पण बरीच वर्षं अशी कोडी रचून छापायला दिली आहेत.

वेळ किती द्यावा, गट कसे पाडावेत, हे तुम्हाला ठाऊक असणारच. ते सोडून देते.

काका आणि बाई, दोघंही आपापल्या हिशेबाने बरोबर होते. आपण ‘महाराष्ट्र’मध्ये चार अक्षरं मोजतो: म, हा, रा, ष्ट्र. संगणकाच्या पोटात त्याचे दहा तुकडे असतात: म, ह, काना, र, काना, ष, हलन्ताची खूण, ट, पुन्हा हलन्ताची खूण आणि र. या तुकड्यांची मोट कशी बांधायची, याचा युनिकोडचा, म्हणजे संगणकात लिप्या साठवायच्या जागतिक पद्धतीचा, सर्वसाधारण नियम पूर्वी असा होता की काना-मात्रा व्यंजनाला चिकटून राहायच्या, पण जोडाक्षर प्रत्येक हलन्तानंतर तुटायचं. म्हणजे म, हा, रा, ष्, ट्, र. झाला की शेवटी एक सुटा ‘र’ मोकळा! त्यातून ‘हार’ही होतो आणि ‘मर’ही. २०२३च्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकसंध ठेवायची सोय त्या नियमात आली, पण आधी लिहिलेली ॲपं काही आपोआप शहाणी होत नाहीत. तेव्हा ॲपला परीक्षक करू नका. घरी यादी करताना मदतीला घ्या, हरकत नाही.

खरा प्रश्न मोजायचं कसं हा आहे. अख्खं अक्षर, काना-मात्रेसकट आणि जोडाक्षरासकट, जसंच्या तसं वापरायचं, ही एक रीत. काना-मात्रा हव्या तशा बदलायची मुभा ही दुसरी. व्यंजनं-स्वर सुटे करून इंग्रजीसारखं खेळायचं ही तिसरी. माझं मत विचाराल तर पहिलीच. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवणारा प्रत्येक माणूस एका चौकटीत एक अख्खं अक्षर लिहितो, त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. कोणी फारच हुज्जत घातली तर वृत्तांचा दाखला द्या. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत १९ अक्षरं असतात आणि ती मोजताना ‘ष्ट्र’ची तीन कोणी धरत नाही. तिसरी रीत मला मराठीत परकी वाटते, पण हे माझ्यापुरतं. दुसरी मजेची आहे, फक्त उत्तरं आवरत नाहीत. ‘समाजकारण’मधून मुभा असेल तर ‘मजकूर’सुद्धा निघतो, आणि मग तपासणारा माणूस रात्रीपर्यंत बसतो.

जी रीत ठरेल ती कागदावर, दिलेल्या शब्दाच्या खालीच, छापा. तोंडी सांगू नका. या एका ओळीपायी मी जे भोगलं ते सांगते.

एका पुरवणीसाठी मी दर आठवड्याला असं कोडं द्यायचे. कोणती पुरवणी ते राहू दे. शब्दाखाली माझी ठरलेली ओळ असायची: ‘जोडाक्षर एकच धरावे, काना-मात्रा बदलू नयेत, अक्षर शब्दात जितक्या वेळा असेल तितक्याच वेळा वापरावे.’ एकदा जाहिरात आली, जागा कमी पडली, आणि कचेरीतल्या कोणीतरी ती ओळ उडवली. पुढच्या आठवड्यातही उडवली. फोन केला तर उत्तर मिळालं, “अहो, वाचकांना कळतं ते.” कळत असतं तर एकाच कोड्याची तीन तऱ्हेची उत्तरं आली असती का? आलेली सगळी पत्रं गठ्ठ्याने माझ्याकडे पाठवली, निकाल तुम्हीच लावा म्हणून. या कामाचं मानधन वगैरे काही नाही, हे सांगायला नकोच.

त्याच काळात त्यांनी जुन्या फॉन्टवरून युनिकोडवर उडी मारली. मी शब्द दिला होता ‘दऱ्याखोरी’, छापून आला ‘दर्याखोरी’. माझ्या उत्तरांच्या यादीत ‘दऱ्या’, म्हणजे डोंगरातल्या. वाचकांनी लिहिलं ‘दर्या’, म्हणजे समुद्र. छापलेल्या शब्दावरून पाहिलं तर वाचकच बरोबर! पण कचेरीने माझ्या यादीवर बोट ठेवून त्यांना बाद केलं. मी पत्र लिहिलं, चूक दुरुस्त करा. त्यांनी चौकट टाकली खरी: ‘मागील अंकात दर्या हा शब्द चुकीने दर्या असा छापला गेला.’ त्या चौकटीचं कात्रण मी अजून जपून ठेवलंय. जाब विचारला तर म्हणे, “आमच्या स्क्रीनवर बरोबर दिसतंय.” त्यानंतर मी कोडी पाठवणं थांबवलं.

तुम्हाला यातून घ्यायचं ते एवढंच, की तो आडवा र असलेला शब्द खेळात ठेवू नका. तो टाइप करायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत नुक्ता, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साध्या ‘र’च्या हलन्तापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाची न दिसणारी खूण. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधताना संगणकाला वेगळे. फाइल एकीकडून दुसरीकडे नेताना ती न दिसणारी खूण गळाली की दऱ्यांचा समुद्र होतो. आणि छापखान्यात देताना पीडीएफ द्या, वर्डची फाइल नको.

आता शब्द कोणता द्यावा. ‘महाराष्ट्र’ हा भावनेपोटी सगळेच देतात, पण अख्ख्या अक्षरांनी खेळलं तर त्यातून महा, राम, राष्ट्र असे मोजकेच शब्द निघतात. जोडाक्षर नसलेला, पाच-सहा अक्षरी, अकारान्त अक्षरं जास्त असलेला शब्द बघा. ‘समाजकारण’ माझा आवडता. समाज, कारण, सकारण, जमा, माज, मास, काज, रस, सण, सरण, आणखी कितीतरी. शिवाय त्यात एक सापळा आहे. बहुतेक जण हमखास ‘सरकार’ लिहितात, पण त्याला दोन र लागतात आणि इथे एकच आहे. तिथे खालची छापील ओळ कामाला येते. लहान मुलांना ‘नवलकोल’ द्या: नवल, नव, वन, लव, कोन.

ऱ्हस्व इकार-उकार शक्यतो टाळा. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांप्रमाणे मराठीत शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ लिहितात, त्यामुळे ऱ्हस्व अक्षर शब्दाच्या शेवटी जवळजवळ चालतच नाही. ‘विमानतळ’मधला ‘वि’ बघा. विमान, विनत, वितळ, सगळीकडे पहिलाच. कोणीतरी ‘नवि’ लिहिणार आणि पुन्हा भांडण.

सामान्यरूपं (घरा, कारणा वगैरे) आणि विभक्तीचे प्रत्यय सुटे नकोत, हेही त्याच ओळीत घाला. कर, मर अशी आज्ञार्थी रूपं मी घेते, काही जण घेत नाहीत. वाद आला तर कोश एकच ठरवा आणि आधी जाहीर करा. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, पण खेळाडूंच्या हाती मोल्सवर्थ देऊ नका. त्यात कोणत्याही दोन अक्षरांचं काहीतरी सापडतं, आणि मग तुमचे काका पुन्हा मोबाइल काढतील.

शब्द ठरला की हवं तर इथे टाका, यादी तपासून देईन. फक्त २६ तारखेच्या रात्री नको.