जळगावच्या उन्हाळ्यात पहिला हॅमस्टर पाळता येईल का?

येईल, पण घरातली एक तरी खोली मे महिन्यातही २५ अंशांच्या आसपास राहत असेल तरच. नाहीतर पावसाळ्यापर्यंत थांबा. हॅमस्टरला घाम येत नाही, त्यामुळे तिशीपुढच्या तापमानात उष्माघाताचा धोका असतो, आणि जळगाव-भुसावळला पारा ४५ गाठतो. पत्र्याच्या घरात तर नकोच. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडू नका, आतला भुसा दमट होऊन बुरशी धरते. त्याऐवजी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली बाहेरून टेकवा, आत फरशीचा तुकडा ठेवा. सीरियन जातीचा एकटाच ठेवा. दोघे एकमेकांच्या जिवावर उठतात. कागदी भुसा किमान १५ सेंटीमीटर, चाक किमान २८ सेंटीमीटरचं आणि सलग पृष्ठभागाचं. सळ्यांच्या चाकात पाय अडकून मोडतो. केळं नखाएवढंच, क्वचित.